तीन पेवं, तीन पेट्या: हरिपूरच्या एका परसाची हकीकत

सांगलीतून हरिपूरकडं जाताना, नदीच्या अंगाला, हळदीच्या एका जुन्या अडत्यांचं घर आहे. घरामागं ६२ फूट लांब आणि ३८ फूट रुंद परस. मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरल्या की परसात पाय पडतो आणि तिथून जमीन नदीकडं उतरत जाते. उतार इतका बेताचा की डोळ्याला कळत नाही. बादली सांडली की कळतो. या परसात २०२३ च्या जानेवारीत मी तीन लोखंडी पेट्या बसवल्या. वर सपाट झाकण, चारी बाजू सपाट. रंग नाही, अक्षर नाही, नक्षी नाही. पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आत काय आहे?" आत काही नाही.

हे काम कसं ठरत गेलं, मी कुठं चुकलो आणि पेट्या बसल्यावर त्या परसात माणसं कशी वावरायला लागली, ते नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. मिनिमलिस्ट शिल्प म्हणजे साध्या भौमितिक आकारांचं, नक्षी नसलेलं शिल्प. त्याबद्दल आपल्याकडं जे बोललं जातं ते बहुतेक फोटो बघून. आणि फोटोत या शिल्पाचं जवळजवळ सगळंच हरवतं. उरतो एक ठोकळा, आणि ठोकळ्याकडं बघून "यात काय कला?" असं कुणी म्हटलं तर त्याचं चूक नाही.

पेवं आणि पूर

हरिपूरची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडं लिहितो. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढं. आत घागरीसारखं पोट. इथली माती अशी की दगड-विटांचं बांधकाम न करताही खोल खोदलेल्या भिंती उभ्या राहतात. आत पाला लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर थांबायचं.

शिल्पकार म्हणून मला पेवाचं फार अप्रूप आहे. एवढी मोठी पोकळी, आणि वरून चालणाऱ्याला तिचा पत्ता नाही. तो आपला जमिनीवरून चालतोय.

या घराची तीन पेवं होती. २००५ च्या महापुरात हरिपुरातली बरीच पेवं गेली, त्यात ही तिन्ही. पाणी शिरलं, हळद कुजली, भिंती ढासळल्या. पुढं मुरूम टाकून ती बुजवून टाकली. घरातल्या आजी, या कामाच्या वेळी ८४ वर्षांच्या, त्या रात्रीचं एकच सांगतात. "रातभर गुडगुड आवाज येत हुता. पेव श्वास सोडतंय असं वाटायचं." पाणी खाली जात होतं आणि आतली हवा बुडबुड्यांनी वर येत होती.

२०१९ चा पूर त्याहून मोठा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या वेळी आजींना याच मागच्या दारातून होडीत बसवून बाहेर काढलं. घराच्या मागच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या रेघा आहेत: २००५ ची जमिनीपासून १ फूट १० इंचांवर, २०१९ ची ५ फूट ४ इंचांवर. २०२१ च्या पाण्याची रेघ २००५ च्या रेघेच्या आसपासच आहे, नीट शोधावी लागते.

मागणी

आजींचा नातू माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. पाठीवर पोतं घेतलेला हमाल, फायबरचा, पितळी रंग दिलेला. खाली चौथरा, चौथऱ्यावर पेवांची माहिती आणि पुराच्या तारखा. नाहीतर मोठं हळकुंड, आठेक फुटांचं. भावना खरी होती. आजोबांचा धंदा, बुजलेली पेवं, आजीचं वय. काहीतरी उभं राहिलं पाहिजे असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी लगेच नाही म्हटलं नाही. एका रविवारी त्याला औंधला घेऊन गेलो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'माता आणि बालक' आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हेन्री मूर! मला दर वेळी तिथं गेलं की पंतांना हात जोडावेसे वाटतात. नातू त्या दगडासमोर बराच वेळ उभा राहिला, बाजूनं बघितलं, वाकून बघितलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ती ज्या खोलीत आहे ती खोली कशी होती?" त्याला आठवेना. खिडकी कुठल्या बाजूला होती, छत किती उंच, काहीच नाही.

हा त्या शिल्पाचा दोष नव्हे. ते नजर आपल्यात ओढून घेतं, ते तेच करायला घडवलेलं आहे. "तुझ्या परसात मला उलटं करायचंय," मी म्हटलं. "वस्तूकडं फार वेळ बघावंसं वाटणार नाही, पण तिच्यामुळं परस दिसायला लागेल. उतार कळेल, नदी किती लांब आहे ते कळेल, आपण केवढे आहोत ते कळेल."

परत येताना त्याला रॉबर्ट मॉरिसच्या कामाबद्दल सांगितलं. १९६५ मध्ये या अमेरिकी शिल्पकारानं एल अक्षराच्या आकाराचे, मापानं अगदी सारखे, माणसाहून मोठे तुकडे केले. एक उभा, एक आडवा, एक दोन टोकांवर टेकवलेला. तिन्ही सारखे आहेत हे डोक्याला माहीत असतं, पण त्यांच्यातून चालताना ते पटत नाही. एक जड वाटतो, एक पसरलेला, एक आत्ता उठेल असा. आकार तोच, फरक पडतो तो जमीन आणि आपलं शरीर यांच्याशी असलेल्या नात्यानं. नातू गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "सर, आमच्या पेवांचं पण तसंच होतं. तिन्ही सारखीच, पण आजोबा मधल्यालाच 'थोरलं' म्हणायचे." तिथं काम सुरू झालं.

पहिला आराखडा, आणि दुसरी पायरी

तिन्ही पेट्या तळाला ४ फूट बाय ४ फूट, तीन पेवांच्या जागेवर. पेवं एका ओळीत होती, पण समान अंतरावर नव्हती: पहिल्या दोघांत मध्यापासून मध्यापर्यंत ११ फूट, दुसऱ्या-तिसऱ्यात १७. पहिल्या पेवापासून तिसऱ्यापर्यंत जमीन ९ इंच उतरते. इथं एक निर्णय होता. तिन्ही पेट्या सारख्या उंचीच्या केल्या तर झाकणं उताराबरोबर खाली-खाली जातील. झाकणं एका पातळीत ठेवली तर पेट्यांची उंची नदीकडं वाढत जाईल.

मी दुसरा मार्ग घेतला. पाणी उतार बघत नाही, पाण्याची पाठ सपाट असते. आणि ती पातळी मी २०१९ च्या रेघेवर ठेवली. म्हणजे पहिली पेटी ५ फूट ४ इंच, तिसरी ६ फूट १ इंच.

प्लायचे नमुने करून परसात उभे केले. पातळी काढायला गवंड्याची लेव्हलची नळी वापरली: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक भिंतीवरच्या रेघेला धरायचं, दुसरं टोक पेटीच्या कडेला. नळीतलं पाणी हलत हलत थांबतं, आणि थांबतं तिथं खूण. भिंतीवरची रेघ पुराच्या पाण्यानं मारलेली होती. तीच पातळी आता बोटभर नळीतलं पाणी तिसऱ्या पेटीवर दाखवत होतं. मिस्त्री म्हणाले, "इथं तर माझ्या डोक्यावरनं गेलं असतं की." कुणी काही बोललं नाही.

नातवाला ते फार आवडलं. पहिल्या पेटीपाशी उभं राहिलं की झाकण बरोबर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत यायचं. पृष्ठभाग नाहीसा होऊन नुसती एक रेघ उरायची, पाण्याच्या काठाशी डोळे नेल्यावर दिसते तशी. तिसऱ्या पेटीपाशी तो बुडालेला. माझी नजर त्याच्यापेक्षा इंचभर खाली, म्हणून मलाही तेच दिसत होतं आणि तितकंच आवडलं होतं. मी त्या संध्याकाळी काम झालं असं समजून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी तुळशीला पाणी घालायला निघाल्या. दारात उभ्या होत्या तोवर ठीक. दारातून झाकणं खाली दिसत होती. एक पायरी उतरल्या. दुसऱ्या पायरीवर थांबल्या, उंबऱ्याकडं हात मागं नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे जमिनीपासून ४ फूट ५ इंचांवर. दुसऱ्या पायरीवर झाकणं त्यांच्या नजरेच्या वर गेली आणि परसाच्या जागी तीन भिंती आल्या. नदी गेली, तुळसही अर्धी झाकली.

"मला पायरीवरच बुडवलंस की रं," त्या म्हणाल्या. चिडून नाही. मग म्हणाल्या, "मी बघितलंय ते. परत कशापायी दावतोस?"

या वाक्यानंतर मी प्लायच्या पेटीला टेकून बराच वेळ बसलो. मी सगळी मापं घेतली होती. परस मोजलं होतं, उतार मोजला होता, रेघा मोजल्या होत्या. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचे डोळे मोजले नव्हते. आणि ज्या परसाचं काम होतं ते परस रोज वापरणारं माणूस तेच होतं.

वाट

त्याच सकाळी दुसरी चूकही दिसली. मागच्या दारापासून तुळशीपर्यंत आणि तिथून नदीकडच्या फाटकापर्यंत एक मळलेली वाट होती. फरशी नाही, काही नाही. पायांनी चोपून चोपून ती घट्ट झालेली, दोन्ही बाजूंना दूर्वा. पहिली पेटी पेवाच्या बरोबर मध्यावर बसवल्यानं तिची एक कड या वाटेत दीड फूट शिरत होती. आजींना हातात तांब्या घेऊन वळसा घालावा लागायचा.

मी आधी अडून बसलो होतो. पेव जिथं होतं तिथंच पेटी, इंचभरही इकडंतिकडं नाही. यामागं रिचर्ड सेरा या अमेरिकी शिल्पकाराचं उदाहरण होतं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात त्यानं १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत उभी केली, किंचित वाकलेली, किंचित कललेली. तिथल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांचा चौकातून सरळ जाण्याचा रस्ता तिनं कापला. तक्रारी झाल्या, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि १९८९ मध्ये ती भिंत कापून तिथून हलवली गेली. सेराचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: हे काम या जागेसाठी केलेलं आहे, इथून काढणं म्हणजे ते नष्ट करणं. विद्यार्थी असल्यापासून मी सेराच्या बाजूनं भांडत आलो आहे. त्या भिंतीनं लोकांना चौक जाणवायला लावला, रोजचं आंधळं चालणं मोडलं, हे मला आजही मोलाचं वाटतं.

पण चौकातून बसस्टॉपकडं धावणारा माणूस वेगळा आणि सकाळी सहाला अनवाणी तुळशीकडं जाणारी ८४ वर्षांची बाई वेगळी. तिचं चालणं आंधळं नव्हतं. ती वाट हीच त्या परसातली आधीपासूनची रचना होती, पायांनी केलेली, आणि मी ती बघितलीच नव्हती.

पहिली पेटी २२ इंच पूर्वेला सरकवली. तिघींची सरळ ओळ मोडली. आणि जे मी कागदावर कधीच केलं नसतं ते झालं: आधी दारातून पहिली पेटी बाकीच्या दोघींना आपल्या आड घ्यायची, आता तिन्हींचं अंग थोडं थोडं दिसायला लागलं, एकीमागून एक डोकावणारं. मधून वाट तशीच राहिली.

उंची

टोनी स्मिथ या अमेरिकी शिल्पकाराचं 'डाय' हे १९६२ चं शिल्प म्हणजे ६ फुटांचा पोलादी घन. त्याला विचारलेले दोन प्रश्न आणि त्याची उत्तरं मॉरिसनं आपल्या लेखात दिली आहेत आणि मिनिमलिस्ट शिल्पावर याहून नेमकं काही मी वाचलेलं नाही. बघणाऱ्यावर दडपण येईल इतका मोठा का नाही केलास? मी स्मारक करत नव्हतो. मग वरून पलीकडचं दिसेल इतका लहान का नाही? मी वस्तू करत नव्हतो.

स्मारक आणि वस्तू यांच्यामधली ही जागा फार चिंचोळी असते आणि ती कुठं आहे ते माणसाच्या अंगावरून ठरतं. सहा फुटी अमेरिकी पुरुषाची ती जागा आणि आजींची ती जागा एक नाही. स्मिथची ६ फूट ही संख्या उचलून उपयोग नव्हता, त्याचे प्रश्न उचलायचे होते.

आम्ही प्लायचे नमुने खालून ४-४ इंच कापत गेलो. दर कापणीनंतर दोन दिवस थांबायचं आणि आजी काय करतात ते नुसतं बघायचं, विचारायचं नाही. पहिल्या पेटीच्या उंचीनं सांगायचं तर ६० इंच, ५६, ५२, ४८. पायरीवर थांबणं ५२ ला संपलं. पण त्या परसात शिरल्या तरी तुळशीच्या पुढं जाईनात. ४४ ला तिसऱ्या पेटीपर्यंत गेल्या आणि तिथं अडल्या. मी जाऊन मोजलं: तिसरी पेटी त्या वेळी ५३ इंच, बरोबर त्यांच्या डोळ्यांएवढी. ४० ला त्या तिसऱ्या पेटीला वळसा घालून फाटकापर्यंत गेल्या आणि परत येताना झाकणावरून हात फिरवत आल्या.

तेच माप कायम केलं. पहिली पेटी ३ फूट ४ इंच, दुसरी ३ फूट साडेसात इंच, तिसरी ४ फूट १ इंच. यापेक्षा खाली गेलो असतो तर तो कट्टा झाला असता, लोक बसले असते.

नातू नाराज झाला. "आता हे कुठल्याच पुराच्या रेघेवर नाही. मग याचा अर्थ काय लावायचा?" मला त्याची अडचण कळत होती. माझंही नुकसान झालं होतं; डोळ्यांच्या रेषेत नाहीसं होणारं ते झाकण मला अजून आठवतं. मी एवढंच म्हटलं की रेघ भिंतीवर आहे, ती तिथंच राहू दे, मागची भिंत रंगवू नको. फलक लावला नाही. भिंत अजून तशीच आहे.

लोखंड

पेट्या कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडं केल्या, ६ मिलिमीटरच्या साध्या एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, पत्र्यात. सेरा वापरायचा ते कॉर्टेन पोलाद आपला गंज घट्ट धरून ठेवतं आणि त्या गंजानंच टिकतं, पण त्याला ओलं होऊन पुन्हा सुकायला मिळावं लागतं. पुराचा गाळ दिवसेंदिवस अंगावर बसला तर त्याचाही तो गुण चालत नाही. मग महाग पोलाद कशाला?

पहिलं झाकण बिघडलं. चारी कडांना सलग वेल्डिंग केल्यानं पत्रा तापून फुगला, मध्यभागी तीन सुतांचं पोट आलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कुणाला वाटेल, तीन सूत म्हणजे काय! पण दारातून बघताना तिन्ही झाकणं एका सपाटीत दिसणं हाच सगळा खेळ होता, आणि त्या पोटावर उजेड वेगळा पडत होता. नजर तिथं जाऊन अडायची. चूक माझीच, झाकणाखाली पट्ट्या लावायचं मी ड्रॉइंगमध्ये दाखवलं नव्हतं. झाकण कापून नवं केलं, खाली आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि वेल्डिंग थोडं इकडं, थोडं समोरच्या कडेला, मध्ये थंड होऊ देत. मग ग्राइंडर. झाकणावर ओंजळभर पाणी ओतून बघितलं. ते कुठल्याच बाजूला पळालं नाही. नक्षी असती तर तीन सूत तिच्यात लपले असते.

बुजवलेल्या पेवाचा भराव बसत राहतो म्हणून प्रत्येक पेटीखाली ७ फूट बाय ७ फुटांचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे सलग पाट, घेतला, जमिनीखाली. पेटीला तळ नाही. चार कोपऱ्यांत १२ मिलिमीटरच्या तुकड्यांवर ती टेकते आणि बोल्टनं बांधली आहे, म्हणून खाली चौफेर बोटभरापेक्षा कमी फट राहते. त्या फटीत सतत सावली असते. साडेतीनशे किलोची पेटी जमिनीला लागलेलीच नाही असं वाटतं. भोवती हातभर खडी टाकली, गंजाचं पाणी तिथंच मुरावं म्हणून.

बसल्यावर

पहिल्या महिनाभरात मी बऱ्याचदा संध्याकाळी तिथं जाऊन नुसता बसायचो. पाहुणे रुंद फटीत थांबतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीच्या मध्ये, नदीकडं तोंड करून. अरुंद फटीत, पहिल्या दोघींच्या मध्ये, मोठं माणूस थांबत नाही. ती ७ फुटांची जागा त्यांना खोलीसारखी वाटत असावी, परवानगीशिवाय शिरू नये अशी. पोरं मात्र तिथंच खेळतात.

शेजारच्या सात-आठ वर्षांच्या मुलीनं एक दिवस जे सांगितलं ते मी स्वतः इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. ती पहिल्या पेटीपासून तिसरीपर्यंत झाकणांच्या कडेला हात लावत चालत होती. शेवटी वळून म्हणाली, "इकडं आलं की आपण बुडतो." तिसऱ्या पेटीपाशी तिचा हात डोक्याच्या वर गेला होता. माझ्या बाबतीत ते कमरेपासून छातीपर्यंत येतं. जमीन सपाट वाटते, पावलं सपाट जमिनीवरचीच पडतात, आणि झाकणांची पातळी अंगावर चढत जाते, संगमेश्वराच्या घाटावर एकेक पायरी पाण्यात उतरताना चढते तशी. ६४ इंचांच्या पहिल्या नमुन्यात हे नव्हतं. तिथं आपण पहिल्यापासूनच बुडालेले होतो, चढायला काही उरलंच नव्हतं. इतक्या दिवसांत न कळलेला ९ इंचांचा उतार आता घरातल्या प्रत्येकाला अंगानं माहीत आहे.

मायकल फ्रीड या अमेरिकी समीक्षकानं १९६७ मध्ये या शिल्पांवर कडक टीका केली होती. ही कामं नाटकी आहेत, बघणारा समोर आल्याशिवाय त्यांचं काही घडतच नाही. आणि त्यांचं पोकळ असणं, त्यांना 'आत' असणं, हे छुपेपणानं माणसासारखंच आहे, असं त्याचं म्हणणं. निरीक्षण अचूक आहे. फक्त ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं तिथं बसून मला त्यात दोष दिसत नाही. माणूस आल्यावर सुरू होणारी गोष्ट आपल्याला परकी नाही. आणि पोकळपणाबद्दल: आजी येता-जाता पेटीवर बोटानं टकटक करतात. आतून घुमून आवाज येतो. "पेव भरलंय का रिकामं, ते असंच बघायचे तुझे आजोबा. वरनं पाय आपटून," त्या नातवाला म्हणाल्या. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंही नाही.

पाडव्याला गेलो तर मधल्या पेटीवर हळदकुंकू वाहिलेलं. दोन फुलं, सुपारी. एखादा कडक मिनिमलिस्ट यावर हरकत घेईल. वस्तूनं स्वतःपलीकडचं काही सांगू नये, यासाठीच तर त्या लोकांनी एवढी खटपट केली. मी ते पुसलं नाही. आपल्याकडं देवाचा तांदळा असतो: नाक-डोळे नसलेला नुसता दगड, शेंदूर लावलेला. त्याला रूप नसतं म्हणून तो कमी पडत नाही. रूप नसलेल्या गोष्टीपुढं थांबायचं कसं, हे या घरातल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं मधल्या पेटीलाच हळदकुंकू का लावलं, हे मी विचारलं नाही. थोरलं पेव तेच होतं.

एप्रिलमध्ये झाकणांना दुपारी हात लावता येत नाही. तेवढ्या महिन्यांत परस सकाळ-संध्याकाळचंच असतं.

भोकं

एक काम राहिलं होतं, आणि ते मी विसरलो होतो. मे महिन्यात ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर पेट्या बघायला आले आणि त्यांनी सरळ विचारलं, "पूर आल्यावर हवा कुठून जाणार?"

हिशेब साधा आहे. तिसऱ्या पेटीचं आकारमान पावणेदोन घनमीटरच्या वर. तळ बंद असता तर सव्वाचारशे किलोची ती पेटी साडेअठराशे किलो पाणी बाजूला सारून होडीसारखी तरंगली असती. म्हणून तर तळ ठेवला नव्हता. पण उपडा पेला पाण्यात दाबला की आतली हवा आतच राहते. खालच्या फटीतून पाणी आत येईल, हवेला वाट नाही, आणि अडकलेली हवा पेटीला वर ओढत राहील. बोल्ट कदाचित धरतील. कदाचित धरणार नाहीत. झाकणाच्या लगेच खाली, प्रत्येक पेटीला १६ मिलिमीटरची दोन भोकं पाडायचं ठरलं.

ड्रिल घेऊन मुलगा आला तेव्हा आजी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कशाला? मी सांगितलं, पाणी आलं तर आत शिरेल, आणि आतली हवा या भोकांतून बाहेर जाईल.

त्या थोडा वेळ पेट्यांकडं बघत राहिल्या.

"म्हंजे हीपण गुडगुडणार."

मला ते सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, हो, गुडगुडतील. नको असेल तर दुसरं काही बघू, बोल्ट मोठे टाकू.

"असू दे," त्या म्हणाल्या. मग मुलाला हाक मारली आणि हातानं दाखवलं. "पर तोंड तिकडं कर. नदीकडं. सैपाकघराकडं नको."

सहाही भोकं नदीच्या बाजूला आहेत. दारातून दिसत नाहीत.